हार्वर्ड, १८९४-९५ : अहवालातील एक रिकामी ओळ

फेब्रुवारी सरत आला, की महाविद्यालयांतून वार्षिक अहवालाची लगबग सुरू होते. ठरावीक तक्ता हाती येतो. प्राध्यापकांचे यश, विद्यार्थ्यांचे यश, प्रकाशने, चर्चासत्रे, पारितोषिके. आणि प्रत्येक नोंदीपुढे पुराव्याच्या जोडपत्राचा क्रमांक. आम्ही मराठीचे, पण गेल्या वर्षी शेजारच्या मानसशास्त्र विभागाचा अहवाल शुद्धलेखन पाहण्यासाठी आमच्याकडे आला आणि त्यातील एका खोडलेल्या ओळीपाशी आम्ही अडलो. एका शाळेत शिकवणाऱ्या बाई प्राचार्यांच्या तोंडी परवानगीने दोन वर्षे एम.ए.च्या तासांना येऊन बसत होत्या. वर्षभरातले सर्वांत नेटके क्षेत्रीय काम त्यांचेच, असे विभागातील सर्वांचे मत होते. पण पटावर नाव नाही, परीक्षा-अर्ज नाही. मग ही नोंद घालायची कोणत्या रकान्यात? सहकाऱ्याने ओळ लिहिली होती आणि नंतर तीवर रेघ मारली होती. रेघेखालची अक्षरे मात्र स्वच्छ वाचता येत होती.

त्या संध्याकाळी आमचे बोलणे साहजिकच मेरी व्हिटन कॅल्किन्स यांच्याकडे वळले. आणि असे वाटले, की आपला हा तक्ता एकदा हार्वर्ड विद्यापीठाच्या १८९४-९५ या वर्षाला लावून पाहावा. मानसशास्त्राच्या इतिहासात ते वर्ष महत्त्वाचे आहेच. पण साहित्याच्या अभ्यासकाला त्याचे अगत्य वाटावे अशी कारणेही त्यात दाटीवाटीने भरलेली आहेत.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. त्या काळी हार्वर्डमध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग नव्हता. मानसशास्त्र तत्त्वज्ञानाच्या घरातच राहत होते. वेगळी चूल मांडायला त्याला १९३०चे दशक उजाडावे लागले. त्यामुळे आपल्या तक्त्यात ज्यांची नावे येतात ती माणसे एका हाताने प्रयोगशाळेतील उपकरणे हाताळीत होती आणि दुसऱ्या हाताने ईश्वर, आत्मा, सौंदर्य यांवर लिहीत होती. आजच्या विभागवार जगात हे थोडे अडचणीचे वाटेल. साहित्याच्या दृष्टीने मात्र तीच त्या घराची श्रीमंती.

प्राध्यापकांचा रकाना भरणे सोपे आहे. विल्यम जेम्स यांचा 'मानसशास्त्राची तत्त्वे' हा द्विखंड ग्रंथ १८९० साली निघाला होता. प्रकाशकाशी करार झाल्यापासून तो पुरा व्हायला बारा वर्षे लागली. १८९४ मध्ये जेम्स अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते आणि त्याच सुमारास परामानसिक संशोधन करणाऱ्या इंग्लंडमधील संस्थेचेही. (आपल्या तक्त्यात दुसरी नोंद कोठे घालावी, यावर विभागात वाद झाला असता.) पण जेम्स यांचे साहित्याशी जडलेले खरे नाते त्या ग्रंथातील नवव्या प्रकरणात आहे. जाणीव ही सुट्या कल्पनांची माळ नसून अखंड वाहणारा ओघ आहे, हे त्यांनी तेथे मांडले. १९१८ साली मे सिंक्लेअर यांनी डॉरथी रिचर्डसन यांच्या कादंबऱ्यांविषयी लिहिताना हीच संज्ञा कथात्म साहित्याला लावली. मराठीत ती 'संज्ञाप्रवाह' होऊन आली, आणि १९४२ मध्ये मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' आली तेव्हा समीक्षकांच्या हाती ती वापरण्यासारखे एक मराठी उदाहरणही पडले. आमच्या विद्यार्थ्यांना संज्ञाप्रवाह म्हटले की जॉइस आणि व्हर्जिनिया वुल्फ आठवतात. त्या संज्ञेचे माहेर मानसशास्त्राच्या एका पाठ्यग्रंथात आहे, हे सांगितले की ते थोडे चकित होतात.

जेम्स प्रयोगशाळेला कंटाळले होते. ती सांभाळण्यासाठी त्यांनी जर्मनीतील फ्रायबुर्गहून हुगो म्युन्स्टरबर्ग यांना १८९२ मध्ये बोलावून घेतले. म्युन्स्टरबर्ग तेव्हा अवघे एकोणतीस वर्षांचे होते. जोसाया रॉइस तत्त्वज्ञान शिकवीत होते. तरुण जॉर्ज सांतायाना यांचा पहिला कवितासंग्रह १८९४ मध्ये आला होता आणि १८९६ मध्ये त्यांचे 'सौंदर्याची जाणीव' हे पुस्तक यायचे होते. मराठी सौंदर्यशास्त्राच्या चर्चांतून सांतायाना आपल्याला परके नाहीत. एवढी नावे एका विभागात, एकाच वर्षी. कोणतीही मूल्यांकन समिती यावर प्रसन्न झाली असती.

विद्यार्थ्यांच्या रकान्याशी आले, की हात थबकतो.

पहिले नाव गर्ट्रूड स्टाइन यांचे घ्यावे लागेल. पण त्याही हार्वर्डच्या विद्यार्थिनी नव्हत्या. स्त्रियांसाठी १८७९ पासून हार्वर्डच्या कुंपणाला लागून एक सोय होती. तिला लोक नुसते 'ॲनेक्स', म्हणजे जोडइमारत, म्हणत. हार्वर्डचे प्राध्यापक आपली व्याख्याने तेथे जाऊन पुन्हा देत आणि त्याचे वेगळे मानधन घेत. १८९४ मध्ये तिला सनद मिळाली आणि ती रॅडक्लिफ कॉलेज झाली. स्टाइन १८९३ मध्ये तेथे दाखल झाल्या आणि म्युन्स्टरबर्ग यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागल्या. १८९४-९५ या वर्षी इंग्रजी निबंधलेखनाच्या वर्गासाठी त्यांनी जे निबंध लिहिले, त्यांत मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेवरचाही एक आहे. पुढे लिऑन सॉलोमन्स या सहाध्यायाबरोबर त्यांनी अभावितपणे घडणाऱ्या हालचालींवर, त्यातच आपोआप होणाऱ्या लेखनावर, प्रयोग केले आणि १८९६ मध्ये त्यांचा संयुक्त निबंध प्रसिद्ध झाला. बी. एफ. स्किनर यांनी १९३४ मध्ये स्टाइन यांच्या दुर्बोध गद्याचे गुपित याच निबंधात शोधले. स्टाइन यांना ते मुळीच मान्य नव्हते. आम्हालाही स्किनर यांचा तो निष्कर्ष घाईचा वाटतो. लेखिकेने विशीत केलेल्या प्रयोगावरून तिच्या पुढच्या सगळ्या शैलीचा निकाल लावणे, हे समीक्षेतले जुनेच दुखणे आहे.

आता ज्यांच्यासाठी हा तक्ता उघडला, त्यांच्याकडे येऊ.

मेरी कॅल्किन्स यांचा जन्म ३० मार्च १८६३ रोजी झाला. म्हणजे १ जून १८६३ रोजी जन्मलेल्या म्युन्स्टरबर्ग या आपल्या गुरूंपेक्षा त्या दोन महिन्यांनी मोठ्या होत्या. वडील धर्मोपदेशक. १८८५ मध्ये स्मिथ कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या आणि १८८७ मध्ये वेल्स्ली या स्त्रियांच्या कॉलेजात ग्रीक शिकवू लागल्या. हा तपशील आम्हा भाषाशिक्षकांना विशेष जवळचा वाटतो: अमेरिकन मानसशास्त्रातील एका मोठ्या नावाची सुरुवात भाषेच्या वर्गात झाली. वेल्स्लीला मानसशास्त्र शिकवणारे कोणी हवे होते. शिकवण्याची हातोटी पाहून कॅल्किन्सबाईंना विचारणा झाली; अट एवढीच, की आधी एक वर्ष त्या विषयाचा अभ्यास करावा. तो करायचा कोठे? वेल्स्लीपासून हार्वर्ड जवळ होते. जेम्स आणि रॉइस यांनी वर्गात येऊन बसा म्हटले; हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी नाही म्हटले. वडिलांनी रीतसर अर्ज केला. जेम्स यांनी आपली बाजू लावून धरली. अखेर १ ऑक्टोबर १८९० रोजी नियामक मंडळाने व्याख्याने ऐकण्याची परवानगी दिली आणि सोबत हेही नमूद केले, की यामुळे या बाईंना विद्यार्थी म्हणून नोंदणीचा कोणताही हक्क प्राप्त होत नाही.

जेम्स यांच्या त्या वर्गाचे वर्णन कॅल्किन्सबाईंनी उतारवयात लिहून ठेवले आहे. वर्गात आणखी चार पुरुष विद्यार्थी होते. पहिल्या काही आठवड्यांतच ते गळाले. ते का गळाले, याविषयी बाईंनी कोणावर बोट ठेवलेले नाही. राहिले दोघे. ग्रंथालयातील शेकोटीच्या एका बाजूला जेम्स आणि दुसऱ्या बाजूला त्या, आणि मध्ये नुकताच छापून आलेला तो ग्रंथ. मानसशास्त्राचे इतके महागडे शिक्षण फार थोड्यांना मिळाले असेल. ज्यांना मिळाले त्यांचे नाव पटावर नव्हते.

त्याच सुमारास वूस्टर येथील क्लार्क विद्यापीठातील एडमंड सॅनफर्ड यांच्याबरोबर त्यांनी स्वप्नांचा अभ्यास केला. त्याची रीत मोठी गमतीची होती. गजर लावून रात्री निरनिराळ्या वेळी उठायचे आणि जे स्वप्न चालू असेल ते तेथल्या तेथे टिपायचे. बाईंनी पंचावन्न रात्रींत २०५ स्वप्ने नोंदवली, सॅनफर्ड यांनी शेहेचाळीस रात्रींत १७०. स्वप्नांत येणारी माणसे आणि ठिकाणे बहुतांशी जागेपणीच्या ताज्या अनुभवांतून येतात, असे त्यांना आढळले. हा निबंध १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. सात वर्षांनी फ्रॉइड यांनी आपल्या स्वप्नमीमांसेत त्याचा निर्देश केला. १८९१ मध्ये बाईंनी वेल्स्लीत प्रयोगशाळा उभी केली. एका स्त्रीने स्थापन केलेली ती अमेरिकेतील पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा. त्यानंतर म्युन्स्टरबर्ग हार्वर्डला आले आणि बाई पुन्हा 'पाहुण्या' होऊन त्यांच्याकडे काम करू लागल्या. आरंभी शिकवणे सांभाळून, आणि १८९४-९५ मध्ये रजा घेऊन पूर्णवेळ.

त्या कामाचा विषय होता साहचर्य. एक आठवण दुसरीला का खेचून आणते, हा प्रश्न ॲरिस्टॉटलइतका जुना. साहित्यात तर आपला सगळा प्रतिमाव्यवहार त्यावर चालतो. तत्त्वज्ञांनी त्याची अनेक उत्तरे दिली होती: वारंवारता, ताजेपणा, ठळकपणा. पण ही उत्तरे आरामखुर्चीतली होती. कॅल्किन्सबाईंनी प्रश्न मोजता येईल असा केला. रंगाची एक पट्टी दाखवायची आणि लगेच एक अंक, मग दुसरा रंग, दुसरा अंक, अशी मालिका. नंतर तेच रंग क्रम बदलून दाखवायचे आणि कोणत्या रंगाबरोबर कोणता अंक आठवतो ते लिहून घ्यायचे. एखादी जोडी मालिकेत अनेकदा आणायची, एखादा अंक वेगळा उठून दिसेल असा छापायचा, एखादी जोडी अगदी शेवटी ठेवायची. मग त्या घटकांना एकमेकांविरुद्ध उभे करायचे. निष्कर्ष निघाला, की ठळकपणा आणि ताजेपणा यांचा परिणाम होतो खरा, पण वारंवारता त्यांना मागे टाकते. ग्यॉटिंगेन येथील म्युलर यांनी पुढे या पद्धतीला अधिक काटेकोर रूप दिले, आणि जोड्या पाठ करून घेण्याचा हा प्रयोग आजही मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत असतो. आमच्या शेजारच्या विभागातही तो आहे. तो करणाऱ्या मुलींना त्याच्या मागची कहाणी माहीत असतेच असे नाही.

ऑक्टोबर १८९४ मध्ये म्युन्स्टरबर्ग यांनी विद्यापीठाला लिहून विचारले, की या बाईंना डॉक्टरेटच्या उमेदवार म्हणून स्वीकारता येईल काय. आपल्याकडील सर्व विद्यार्थ्यांत त्या सर्वांत समर्थ आहेत, असा त्यांचा दाखला होता. महिना संपण्यापूर्वी नकार आला. विभागाने मग एक वेगळाच मार्ग काढला. २८ मे १८९५ रोजी अनधिकृत परीक्षा घेतली गेली. पामर, जेम्स, रॉइस, म्युन्स्टरबर्ग, हॅरिस आणि सांतायाना हे समोर बसले. यांतील पामर यांच्या पत्नी ॲलिस फ्रीमन एकेकाळी वेल्स्लीच्या अध्यक्ष होत्या आणि विवाहामुळे १८८७ मध्ये त्यांनी ते पद सोडले होते. स्त्रीच्या विद्वत्तेचे काय होते, हे त्या खोलीत निदान एकाला तरी घरून ठाऊक होते. डॉक्टरेटसाठी लागणाऱ्या सर्व अटी उमेदवाराने पूर्ण केल्या आहेत, असे परीक्षकांनी एकमताने विद्यापीठाला कळवले. हार्वर्डमध्ये झालेल्या डॉक्टरेटच्या परीक्षांत ही सर्वांत तेजस्वी, असे जेम्स यांचे मत होते. विद्यापीठाने पदवी दिली नाही.

येथे एक शेजारची नोंद विसरता येत नाही. त्याच १८९५ साली त्याच विद्यापीठाने डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना इतिहासाची डॉक्टरेट दिली. ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. तेही जेम्स यांचे विद्यार्थी. त्यांच्या पदवीचे मोल कमी करण्याचा आमचा हेतू नाही; त्यासाठी त्यांनी काय सोसले हे जगजाहीर आहे. पण दाराला अनेक अडसर असतात आणि ते एकदम निघत नाहीत, हे या एका वर्षात जितके उघड दिसते तितके क्वचितच दिसते. हा अडसर साऱ्या अमेरिकेतील विद्यापीठांचा होता, असेही म्हणता येत नाही. वर्षभरापूर्वीच, १८९४ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठाने मार्गारेट वॉशबर्न यांना मानसशास्त्रातील डॉक्टरेट दिली होती.

कोणी म्हणेल, पदवी म्हणजे शेवटी कागद. कॅल्किन्सबाईंचे काम अडले थोडेच? ते अडले नाही, हे खरे. त्यांचा साहचर्यावरील प्रबंध १८९६ मध्ये छापून आला. १९०१ मध्ये त्यांचे मानसशास्त्राचे पाठ्यपुस्तक निघाले. आमच्या मते या कहाणीतला कसोटीचा क्षण मात्र नकाराचा नाही. सात वर्षांनी आलेल्या होकाराचा आहे. १९०२ मध्ये रॅडक्लिफने डॉक्टरेट देण्याचे ठरवले आणि ज्या चार स्त्रियांनी हार्वर्डमध्ये अभ्यास पुरा केला होता त्यांना ती देऊ केली. म्युन्स्टरबर्ग यांनी ती घ्यावी म्हणून बाईंना आग्रह केला. एथेल पफर या त्यांच्या समकालीन मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती घेतली. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, नोकरीच्या बाजारात तो कागद लागतो. कॅल्किन्सबाईंनी सौजन्याने नाही म्हटले. त्यांचे म्हणणे साधे होते. माझे काम हार्वर्डमध्ये झाले आहे, रॅडक्लिफमध्ये नाही. रॅडक्लिफची पदवी घेतली, तर जे घडले नाही ते घडले अशी नोंद होईल. शिवाय स्त्रियांसाठी वेगळी पदवी असणे हे ठीकच आहे, असे त्यात गृहीत धरले जाईल.

आम्ही हा नकार अनेकदा वाचला आणि प्रत्येक वेळी तो अभिमानापेक्षा नोंदीविषयीच्या काटेकोरपणाचा वाटला. प्रयोगाच्या वहीत जे दिसले तेच लिहायचे, ही शिस्त त्यांनी स्वतःच्या आयुष्याच्या कागदपत्रांनाही लावली. मराठी वाचकाला येथे आनंदीबाई जोशी आठवतील. १८८६ मध्ये फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना पदवी दिली. आनंदीबाई तेथेच शिकल्या, तेथेच परीक्षेला बसल्या. त्यांच्या पदवीवर जे छापले ते सत्य होते. अधिक जवळचे उदाहरण कॉर्नेलिया सोराबजी यांचे. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकल्या. खास ठराव होऊन त्यांना बी.सी.एल.च्या परीक्षेला बसता आले. १८९२ मध्ये त्यांनी ती दिली. पदवी मात्र मिळाली १९२२ मध्ये, ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे सुरू केल्यावर. तीस वर्षांनी का होईना, ऑक्सफर्डने आपली वही दुरुस्त केली.

हार्वर्डने केली नाही. १९०५ मध्ये कॅल्किन्सबाई अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावरील पहिल्या स्त्री. १९१८ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञान संघटनेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले, आणि तेथेही त्या पहिल्याच. दरम्यान कोलंबिया आणि स्मिथ यांनी त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. त्यांचा वैचारिक आग्रह या वर्षांत एकाच गोष्टीवर होता: मानसशास्त्राचा विषय 'स्व' आहे. सुट्या संवेदनांचे पृथक्करण करून भागत नाही आणि नुसत्या वर्तनाचे वर्णन करूनही भागत नाही. प्रत्येक अनुभव कोणाचा तरी असतो. वर्तनवादाच्या भरतीत हे म्हणणे जुनाट ठरवले गेले. पण संज्ञाप्रवाही कादंबरी शिकवताना आम्हाला जेम्स यांच्या ओघाइतकाच कॅल्किन्सबाईंचा हा प्रश्न उपयोगी पडतो. प्रवाह आहे हे कबूल, तो कोणाचा? निवेदकाच्या शोधात विद्यार्थी जेव्हा चाचपडतात, तेव्हा ते नकळत याच प्रश्नाशी आलेले असतात.

१९२७ मध्ये हार्वर्डच्याच पदव्या घेतलेल्या तेरा मानसशास्त्रज्ञ-तत्त्वज्ञांनी विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांना विनंती केली, की आता तरी ही पदवी द्यावी. थॉर्नडाइक, यर्कीज आणि वुडवर्थ हे त्यांत होते. मानसशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात यांची नावे सापडतात. पुरेसे कारण दिसत नाही, असे ठरवून विद्यापीठाने विनंती नाकारली. १९६३ पासून रॅडक्लिफच्या विद्यार्थिनींना हार्वर्डच्या पदव्या मिळू लागल्या.

कॅल्किन्सबाई १९२९ मध्ये वेल्स्लीतून निवृत्त झाल्या आणि २६ फेब्रुवारी १९३० रोजी वारल्या. मानसशास्त्रज्ञांनी स्वतः लिहिलेल्या आत्मवृत्तांच्या मालेचा पहिला खंड त्याच वर्षी निघाला. त्यातील पंधरा लेखकांत त्या एकट्या स्त्री. नावे वर्णक्रमाने असल्याने बॉल्डविननंतर लगेच त्यांचा क्रम लागतो. शेकोटीशेजारचा जेम्स यांचा तो वर्ग याच लेखात आहे, आणि हार्वर्डमधील गुरूंविषयीची कृतज्ञताही.

अहवालाची ती प्रत आम्ही दुसऱ्या दिवशी परत केली. शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दाखवल्या होत्या. खोडलेल्या ओळीशेजारी, मुद्रितशोधनात 'होते तसेच ठेवावे' म्हणून शब्दांखाली जी टिंबे देतात, ती दिली होती.